शेवंताचा चढाव

"बाबा, मी परत सांगून राहिली. अश्विननं मना केलं आहे," राखी दारातून म्हणाली. तिच्या हातात लाटणं होतं, त्यामुळे मनाईला थोडं वजन आलं होतं.

अंबादास गजभिये सायकलचं हँडल धरून, घराकडे पाठ करून अंगणात उभा होता. सुनेचं ऐकून त्यानं वळून पाहिलं नाही. वळायचं नसतं. हा नियम त्याचा त्यानंच शोधून काढला होता आणि घरात दुसऱ्या कुणालाही तो पटलेला नव्हता.

"मना कशाले केलं?" त्यानं समोरच्या भिंतीला विचारलं.

"कशाले म्हणजे? आई पडल्या तं? या उमर में हड्डी तुटली तं कोण करन? मीच ना?"

"आजपर्यंत नाही पडली."

"आजपर्यंत त्या आपलं नाव पण नव्हत्या भुलल्या."

अंबादास उभा राहिला. मागून चपलांचा आवाज आला, मग थोडा वेळ आला नाही, मग पुन्हा आला. सीटखालची स्प्रिंग एका हातानं धरली आणि कॅरियरवर बांधलेली गादी किंचित दबली.

"चला ना," शेवंता म्हणाली. "अवं, गॅस बंद केला का तुम्ही? मागच्या खेपी दूध तसंच ठेवून दिलं होतं."

"केला," अंबादास म्हणाला आणि त्यानं पायडल मारलं.

मागचं दूध म्हणजे निदान वीस वर्षांपूर्वीचं असावं. पण प्रश्न नवऱ्याला विचारलेला होता, आणि त्याला तेवढं पुरे होतं. अर्ध्या तासापूर्वी याच बाईनं त्याच्यासमोर चहा ठेवून "भाऊ, साखर पुरली का?" असं विचारलं होतं, आणि हे भाऊ उठणार कधी अशा नजरेनं दाराकडे पाहिलं होतं.

समोरून शेवंता त्याला ओळखत नसे. पाठीमागून ओळखे. नवल वाटण्यासारखं यात काही नव्हतं. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं तोंड तिनं पाहिलं ते शिफ्टच्या आधी आणि शिफ्टच्या नंतर, चुलीच्या धुरातून, घाईघाईत. पाठ मात्र तिनं भर उजेडात, निवांत, मैलोन्मैल पाहिली होती. बाजाराला जाताना, दवाखान्यात जाताना, चौदा एप्रिलची मिरवणूक पाहायला जाताना, अश्विन पोटात असताना आणि नंतर मांडीवर असताना, तिच्यासमोर तीच एक पाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू सगळंच जाईल, आधी काय जाईल ते सांगता येत नाही. अंबादासनं पाठ सगळ्यात शेवटी जावी अशी व्यवस्था आपल्या परीनं करून ठेवली होती. रोज सकाळी एक फेरी. कॅरियरवर बसली की ती बायको होई, उतरली की पाहुणी. घरात खुर्चीवर पाठ करून बसण्याचा प्रयोगही त्यानं केला होता. पण खुर्चीवरची पाठ म्हणजे पेपर वाचणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याची पाठ. सायकल लागायची.

हे अश्विनला सांगता येत नव्हतं. अश्विन मोटरसायकलींच्या शोरूममध्ये होता. बापाच्या पाठीचं महत्त्व त्याला पटणं अवघड होतं, आणि सायकलचं तर त्याहून. तो पोरगा वाईट नव्हता. काल संध्याकाळी तो ओरडला नाही, हेच जास्त वाईट झालं.

"बाबा, मला भीती वाटते," तो म्हणाला होता. "तुम्ही दोघं रोडवर असता ना, तर माझं काममध्ये ध्यान नसतं. ट्रक येतात, डंपर येतात. उद्या तुमचा सत्कार आहे ना? अच्छी बात है. ऑटोनं जा. आईला पण ऑटोनं न्या. मी पैसे देतो. पण सायकलवर डबल सीट आता बंद."

"सायकलच्या सत्काराले ऑटोनं जाऊ?"

"हो. उसमें क्या है?"

अंबादासला त्यात बरंच काही दिसत होतं. पण अश्विन भीती वाटते म्हणाला होता, आणि त्या शब्दापुढे बोलणं वाढवायची त्याला सवय नव्हती. तो "पाहू" म्हणाला. घरात "पाहू"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, म्हणूनच राखी सकाळी लाटणं घेऊन दारात आली होती.

सत्काराचं प्रकरण विष्णुपंतांनी काढलं. विष्णुपंत शहरातल्या राइट टाउन भागात राहत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते, आणि निवृत्तीनंतर लोक देवाकडे वळतात तसे ते सायकलकडे वळले होते. त्यांनी एक सायकल मंडळ काढलं होतं. मंडळातल्या सायकली इतक्या हलक्या होत्या की एका बोटानं उचलता येत, आणि इतक्या महाग की रस्त्यावर काढवत नसत. म्हणून सभासद त्या गाडीच्या टपावर बांधून शहराबाहेर नेत, तिथे चालवत, आणि पुन्हा टपावर बांधून घरी आणत. एका सकाळी टपावर सायकल घेऊन परत येताना विष्णुपंतांना रस्त्यात अंबादास दिसला, पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, मागे नऊवारी नव्हे पण तितक्याच ठामपणे नेसलेली साडी आणि तीत बसलेली शेवंता. विष्णुपंतांनी गाडी थांबवली. ते खरोखर हेलावले होते.

"काका, आम्ही नुसते हौशी. खरे सायकलवाले तुम्ही," ते म्हणाले. "रविवारी आमचा कार्यक्रम आहे. तुम्ही या, काकूंना घेऊन या. आणि सायकलचे फायदे यावर दोन शब्द बोला. हृदय, गुडघे, प्रदूषण, पेट्रोल, असं काहीतरी. तुमच्या तोंडून ऐकलं की लोकांना पटेल."

अंबादासनं उभ्या आयुष्यात भाषण केलं नव्हतं. फॅक्टरीत तो पेंट शॉपमध्ये होता. सैन्याचे ट्रक बनून येत आणि तो त्यांना हिरवा रंग मारी. किती ट्रक रंगवले याची गणती नाही, आणि एकातही बसून तो गेटबाहेर गेला नाही. शिफ्ट संपली की सायकल. तिचे फायदे असतात हे त्याला विष्णुपंतांकडूनच कळलं.

आपल्या रांझीच्या वस्तीतून बाहेर पडल्यावर तो मनाशी जुळवाजुळव करू लागला. मनाशी म्हणजे मोठ्यानं. सायकलवर तो नेहमी मोठ्यानंच विचार करी, कारण मागे ऐकणारं माणूस असे.

"पहिला फायदा हृदयाचा सांगतो," तो म्हणाला. "दुसरा गुडघ्याचा." गुडघा कट्‌कन वाजला. "गुडघ्याचं राहू दे. पेट्रोलचं सांगू काय गं? पण पेट्रोल वाचते म्हटलं तं अश्विनच्या धंद्याले लागते ते. शोरूममधला कोणी तिथं बसला असला तं?"

शेवंता हल्ली सहसा बोलत नसे. सुरुवातीला एखादं वाक्य, मग नुसतं असणं.

इथे त्या चढावाची हकिगत सांगायला हवी. रांझीतून शहराकडे येताना एक चढाव होता. लग्नानंतर पहिल्यांदा अंबादास बायकोला शहर दाखवायला निघाला, तेव्हा चढावाच्या पायथ्याशी आल्यावर तिनं त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि चालत्या सायकलवरून टुणकन खाली उतरली. तो एकटा वर गेला, माथ्यावर पाय टेकून थांबला, आणि ती पदर सावरत मागून चालत आली न्‌ पुन्हा बसली. त्याला वाटलं, खेड्यातली पोर, चढ पाहून घाबरली. ते पुढे दर खेपेला झालं. घरात त्याची थट्टा झाली, नातेवाइकांत झाली, आणि त्या जागेला नावच पडलं, शेवंताचा चढाव. अश्विन शाळेत असताना पाहुण्यांना पत्ता सांगायचा, "शेवंताच्या चढावावरून उतरले की उजव्या हाताला." पाहुणे चुकत.

मागच्या वर्षी रस्ता रुंद झाला. मशिनी आल्या आणि त्यांनी चढाव खरवडून नेला. कागदोपत्री तिथे आता सपाट, चौपदरी रस्ता आहे. शेवंताच्या पायांपर्यंत तो कागद पोचला नाही. त्या जागी सायकल आली की ती अजूनही दोन थापा मारून उतरे. अंबादास थोडा पुढे जाऊन, जिथे पूर्वी माथा होता तिथे टायरच्या दुकानासमोर थांबे, अर्थात पाठ करून. आणि भर सपाट रस्त्यावरून ही बाई किंचित पुढे वाकून, गुडघ्यावर हात देत, दम टाकत चढ चढून येई. टायरवाला पहिल्यांदा हसला होता. मग हसायचा थांबला.

आज त्या जागी गर्दी होती. एक ई-रिक्षा आडवी झाली होती, मागे हॉर्न वाजत होते, आणि अंबादासनं सायकल जवळजवळ थांबवून, पाय घासत, फटीतून काढली. तो तिसऱ्या फायद्याशी अडला होता.

"एक सांगतो मी त्यांले," तो गर्दीतून मोकळा झाल्यावर म्हणाला. "मोटरसायकलवर मागच्याशी बोलता येत नाही. हवेत उडून जाते बोलणं. सायकलवर बोलता येते. हे सांगू का? का हसतीन लोक?"

लोक हसले तर हसोत, असं त्यानं शेवटी स्वतःच ठरवलं. मग पावसाळ्यात छत सांधायचं बोलणं झालं, मग राखीच्या लाटण्याचं. "तुझ्यासारखीच हाये ते," तो म्हणाला. "तोंडानं फटकळ. पण तुले आंघोळ घालताना पाय कशी चोळते, पाहिलं मी." तो इतकं मोकळं घरात बोलत नसे. सायकल हलकी चालत होती. पण ती गेल्या वर्षभर हलकीच चालत होती. शेवंता आता इतकी उरली नव्हती की पायांना तिचं ओझं कळावं.

कार्यक्रम एका बागेत होता. फाटकावर कमान होती, कमानीपुढे गाड्यांची रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या टपावर सायकल होती. घट्ट रंगीत कपडे घातलेली पोक्त मंडळी टाळ्या वाजवत पुढे आली. कुणी अंबादासच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. कुणी त्याच्या शर्टावरूनच एक झगझगीत पिवळा टी-शर्ट चढवला, ज्याच्या पाठीवर "पर्यावरण का सिपाही" असं छापलेलं होतं. हार आधी घातल्यामुळे टी-शर्टातून तो बाहेर काढताना थोडी झेंडूची फुलं आतच राहिली.

"वा, काका! शोभताय," विष्णुपंत म्हणाले. "एक फोटो होऊ द्या. पण काकू?"

"ती उतरन आरामानं," सायकल दोन पायांत धरून अंबादास म्हणाला. "तिले आवाज द्या तुम्ही. म्हणा, बाई, पोहोचलो. मी वळत नसतो."

विष्णुपंतांनी त्याच्या खांद्यामागे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कुणाला आवाज देऊ, काका?"

अंबादास वळला. आपलाच नियम मोडून, सगळ्यांदेखत. कॅरियरवर गादी होती. सुतळीनं बांधलेली, मधोमध दबलेली.

टाळ्या वाजवणारे हात खाली आले. एक बाई म्हणाली, "अरे, पडल्या वाटतं कुठे," आणि तिच्या नवऱ्यानं तिला कोपरानं ढोसलं. विष्णुपंतांनी खिशातून किल्ली काढली. "चला, माझ्या गाडीतून जाऊ. काढतो मी." पण त्यांच्या गाडीमागे सगळ्या मंडळाच्या गाड्या लागल्या होत्या. त्या एकेक हलवायला कुणाकुणाला हाका मारायच्या यावर चर्चा सुरू झाली, तोवर अंबादास फाटकाबाहेर पडला होता.

ती पडली नाही, हे त्याला माहीत होतं. पडली असती तर ओरडली असती, त्याचं नाव घेऊन नाही, पण "अवं" म्हणून. ती उतरली होती. कुठे उतरली हेही त्याला माहीत होतं. तिनं पाठीवर दोन थापा मारल्या असणार. तो त्या वेळी पेट्रोलचा फायदा सांगत होता. मग ती आपला चढाव चढून माथ्यावर आली असणार, आणि माथ्यावर कुणी नव्हतं.

उन्हं चढली होती. गळ्यात हार, अंगात दोन शर्ट, छातीतून शिट्टी. रस्त्यातली माणसं बाजूला होत होती. दोघातिघांनी नमस्कारही केला.

ती टायरच्या दुकानासमोर उभी होती. टायरवाल्यानं तिच्यासाठी स्टूल बाहेर काढून ठेवलं होतं. पण ती त्यावर बसली नव्हती. बसलेल्या माणसाला येणारा माणूस लांबून दिसत नाही. पदर डोक्यावर ओढून, डोळ्यांवर हात धरून ती रस्ता पाहत होती. घाबरलेली दिसत नव्हती. नवऱ्याला उशीर झाला की बाई जशी दिसते, चिडलेली, तशी दिसत होती.

अंबादास तिच्यासमोर येऊन उतरला. त्याला बोलता येईना इतका दम लागला होता.

शेवंतानं त्याच्या हाराकडे पाहिलं, पिवळ्या शर्टाकडे पाहिलं, आणि हात जोडले.

"देऊ ना भाऊ, मत देऊ. आमचे आले का दोघंही देऊ," ती म्हणाली. "आता जा तुम्ही. उन्हात काहून फिरून राहिले?"

टायरवाला दुकानात गेला आणि उगाच एक ट्यूब पाण्यात बुडवू लागला.

अंबादासनं हार काढला आणि हँडलला अडकवला. पिवळा शर्ट डोक्यावरून ओढून काढला. आतली फुलं खाली पडली. खालचा पांढरा शर्ट त्यानं झटकला. मग सायकल फिरवली, तिच्याकडे पाठ केली, हँडल धरलं आणि उभा राहिला. रोज सकाळी अंगणात उभा राहत असे तसा.

चपलांचा आवाज आला. जवळ आला. सीटच्या स्प्रिंगपाशी कुठेतरी थांबला. अंबादासनं डोळे मिटले होते. पाठ त्यानं ताठ केली, मग नेहमी इतकी ताठ नसते हे आठवून पुन्हा सैल सोडली.

"गादी तं आमच्यासारखीच हाये," शेवंता म्हणाली.

त्यानं वाट पाहिली.

"पण नाही भाऊ. मी दुसऱ्याच्या सायकलवर बसत नाही. त्यांले बरं नाही वाटणार ते."

रस्त्यावरून एक डंपर गेला, मग आणखी एक. ते गेल्यावरही अंबादास थोडा वेळ तसाच उभा राहिला. पाठ तीच होती, शर्ट तोच होता, सायकल तीच होती. चूक शोधावी अशी कुठलीच वस्तू उरली नव्हती.

"बराबर हाये तुमचं," तो शेवटी म्हणाला. "कुठं जाणं हाये बाई तुमाले?"

"रांझीले."

"मीबी तिकडंच चाललो. पायीच चाललो. तुमचा माणूस रस्त्यात भेटन, नाही तं घरी आला असन."

ती विचारात पडली. मग सायकल मध्ये ठेवून, तिच्या पलीकडच्या बाजूनं चालू लागली. परक्या माणसाबरोबर चालायचं अंतर तिच्या बरोबर लक्षात होतं.

थोड्या वेळानं मागून एक गाडी आली. टपावर सायकल, स्टिअरिंगवर विष्णुपंत. त्यांनी काच खाली केली, तोंड उघडलं. अंबादासनं हँडलवरचा एक हात किंचित वर केला. विष्णुपंतांनी दोघांकडे पाहिलं, मधल्या सायकलकडे पाहिलं, आणि काच वर घेतली. पण ते गेले नाहीत. पुढच्या चौकापर्यंत ते डंपरांच्या बाजूला आड म्हणून आपली गाडी धरून, चालत्या माणसाच्या चालीनं मागे येत राहिले. मागचे लोक हॉर्न मारत होते, शिव्या देत होते. आयुष्यात पहिल्यांदाच विष्णुपंत रहदारीला आडवे आले असतील. चौकात त्यांनी गाडी वळवली.

"फॅक्टरीत हाये का तुम्ही?" शेवंतानं विचारलं.

"होतो."

"आमचे पेंट शॉपमधी हाये. अंबादास गजभिये. ओळखता?"

"नाव ऐकल्यासारखं वाटते. कसा माणूस हाये?"

"माणूस म्हणजे," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. "बोलते लय. घरात मुक्याचे मुके, अन्‌ सायकलवर बसले का सुरू. मी हूं म्हणत नाही तरी सुरूच."

"तरास होत असन."

"नाही नाही. मी काहून हूं म्हणीन? हूं म्हटलं का थांबते ते. आयकाले बरं वाटते."

अंबादासनं हँडलवरची पकड बदलली. मग त्याच्यानं राहवलं नाही.

"अन्‌ बाई, तुम्ही उतरल्या काहून तिथं? चढाव पाहून भीती वाटते?"

"मले?" शेवंता थांबली आणि हसली. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती. हसताना तिचा पदर खांद्यावर आला. "भाऊ, मी डोंगरानं मोहफुलं वेचत वाढलेली बाई. मी कशाले भेऊ त्या एवढ्याशा चढावाले?"

"मंग?"

तिनं मागे पाहिलं, पुढे पाहिलं. रस्त्यात ओळखीचं कुणी नव्हतं.

"त्यांले दम लागते," ती हळू आवाजात म्हणाली. "छातीतून शिट्टी वाजते. रंगाच्या वासानं झालं ते. लग्नाच्या आधीपासूनच. मागं बसलेल्याले आयकू येते सारं. पण उतर म्हणाचे नाही कधी. तिथंच पडतीन, पण उतर म्हणाचे नाही. मंग मीच उतरते. त्यांले वाटते, बाई भेली. वाटू द्या."

अंबादासला एकदम खोकला आला. तो त्यानं पुरवून पुरवून खोकला.

"तुम्ही सांगू नका हं त्यांले," शेवंता म्हणाली.

"नाही सांगत."

"नाही तं हट्टानं बसवून नेतीन."

"नाही सांगत, बाई."

रांझी आली. पिठाची गिरणी आली, मग गल्ली, मग घर. फाटक शेवंतानं स्वतः उघडलं, आत गेली, आणि अंबादास मागोमाग येतो आहे असं दिसताच तिनं फाटक लोटून कडी घातली.

राखी धावत बाहेर आली. अश्विनचा फोन येऊन गेला होता, निमंत्रणासाठी घेतलेल्या नंबरावर विष्णुपंतांनी त्याला कळवलं होतं, तो शोरूममधून निघाला होता, आणि राखीच्या तोंडात बोलण्याची मोठी तयारी होती. "बाबा, मैंने बोला था ना! आता तरी..."

अंबादासनं फाटकाबाहेरून मान हलवली. नुसती हलवली. राखीनं सासूकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं, आणि ती पायरीवरच थांबली.

"ओ दीदी," शेवंता तिला म्हणाली, "या भाऊले पाणी द्या जरा. भला माणूस हाये. इतक्या दूर सोबत केली."

राखी आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. शेवंतानं तो तिच्याकडून घेतला आणि फाटकावरून अंबादासला दिला. तो सगळं पाणी एका दमात प्याला, आणि ग्लास परत दिला.

"घरी कोण हाये तुमच्या?" तिनं विचारलं.

"बायको हाये."

"मंग जा ना लवकर. वाट पाहून राहिली असन ती."

"हो," अंबादास म्हणाला.

शेवंता तिथून हलली नाही. फाटकावर दोन्ही हात ठेवून ती मोठ्या रस्त्याच्या बाजूला पाहत उभी राहिली. तिचा माणूस त्या बाजूनं यायचा होता.

अंबादासनं सायकल उलट्या बाजूला वळवली. गल्ली संपली की उजवीकडे एक बोळ आहे. त्यातून नाल्याच्या कडेनं मोठ्या रस्त्यावर निघता येतं, आणि तिथून पुन्हा या फाटकाशी येऊन पाठ करून थांबता येतं. वळसा मोठा आहे.

"बाबा, कुठं चालले?" राखीनं पायरीवरून विचारलं.

त्यानं शर्ट नीट खोचला आणि सायकलवर टांग टाकली.